सरकारी वकील नेमका कोणाचा?

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात आमच्या कुटुंबात दोनदा मतदान झाले. पहिले ५ तारखेला, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात. माझी भाची तिथे बरीच वर्षे राहते. नागरिकत्व मिळाल्यानंतरचे तिचे हे पहिलेच मतदान. दुसरे २० तारखेला, इथे वर्ध्यात, घराजवळच्या शाळेत. ते माझे आणि माझ्या पत्नीचे.

तिकडच्या मतदानाच्या आधीच्या रविवारी भाचीचा फोन आला. "मामा, राष्ट्राध्यक्षाचं ठीक आहे, गव्हर्नरचंही समजतं. पण इथे मतपत्रिकेवर शेती आयुक्त, विमा आयुक्त, मजूर आयुक्त, खजिनदार, हिशेब तपासणारा, सगळेच उभे आहेत. त्यात एक ॲटर्नी जनरल आहे. तो काय करतो? तुम्ही बँकेत होता, कोर्टकचेऱ्या पाहिल्यात. सांगा ना!"

"राज्याचा वकील असतो तो," मी म्हणालो.

"राज्याचा म्हणजे सरकारचा, की लोकांचा?"

प्रश्न साधा होता, पण मी अडखळलो. काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली आणि फोन ठेवला. मग बराच वेळ झोपाळ्यावर बसून राहिलो. कारण हाच प्रश्न मला तीस वर्षांपूर्वीही एकाने विचारला होता. तो विचारणारा अमेरिकेतला नव्हता, आपल्याच जिल्ह्यातला होता. त्यालाही मी उत्तर दिले नव्हते.

दोनही वकील एकाच खिशातले

नव्वदचे दशक अर्ध्यावर आले होते. मी एका खेड्यातल्या शाखेत शेतीकर्जे पाहणारा अधिकारी होतो. आसपासच्या काही गावांची जमीन एका पाटबंधारे प्रकल्पात गेली होती. त्यातले एक खातेदार, त्यांना आम्ही सारे काकाजी म्हणत असू, दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी शाखेत डोकावायचे. सरकारने दिलेला मोबदला फार कमी आहे म्हणून ते कोर्टात गेले होते. कोर्टाने मोबदला वाढवून दिला, तेव्हा त्यांनी शाखेत पेढे वाटले होते. पण सरकारने नागपूरला उच्च न्यायालयात अपील केले आणि वाढीव रकमेचा घास तोंडाशी येऊन थांबला. इकडे उरलेल्या चार एकरांतले कापसाचे पीक गेले, पीककर्ज थकले, आणि नियमाप्रमाणे त्यांना बँकेची नोटीस गेली. नोटिशीवर सही माझी होती.

ती नोटीस हातात घेऊन काकाजी आले. रागावलेले नव्हते. समोरच्या बाकावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले,

"साहेब, एक इचारू का? माह्या वकिलाले पैसे मी देतो. पन त्या सरकारी वकिलाले कोन देते जी?"

"सरकार देतं, काकाजी."

"अन् सरकारले कोन देते?"

मी गप्प बसलो.

"म्हंजे दोनई वकील माह्याच खिशातले. अन् भांडून राहिले कोनासाठी, ते मलेच मालूम नाई."

पुढे माझी बदली झाली. तो पैसा आला, पण काकाजींच्या हयातीत नाही. मुलाच्या नावाने आला. त्या नोटिशीवरची माझी सही नियमाला धरून होती, तरी आजही ती मला टोचते.

बँकेतली सवय म्हणून या प्रकरणाचा हिशेब करून पाहू. भूसंपादनाच्या कायद्यात कोर्टाने वाढवून दिलेल्या मोबदल्यावर ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर दरवर्षी १५ टक्के व्याजाची तरतूद होती. २०१३ चा नवा कायदा आला तरी हे दर कायम राहिले. आता समजा, एक लाख रुपयांची वाढ दहा वर्षे अडकली. सरळव्याजाने नुसते व्याजच १ लाख ४४ हजार होते. म्हणजे लाखाच्या जागी सरकारी तिजोरीतून २ लाख ४४ हजार जाणार. शेतकऱ्याला गरज होती तेव्हा मिळाले नाहीत, आणि करदात्याला अडीच पटीच्या आसपास भरावे लागले. या सौद्यात फायदा नेमका कोणाचा झाला?

सरकारने अपील करूच नये, असे मला म्हणायचे नाही. कधी मोबदला अवाच्या सवा दिलेला असतो आणि तिजोरी राखणे हेही सरकारी वकिलाचेच काम आहे. पण बँकेत एखादा दावा वरच्या कोर्टात न्यायचा असेल तर आम्हाला टिपण लिहावे लागे. खर्च किती, काळ किती, यशाची शक्यता किती, आणि खाली कोणाची तरी सही. काकाजींच्या अपिलामागे असे टिपण कोणी लिहिले होते का? वकिलाने 'हे अपील करू नका' असे सरकारला सांगून पाहिले होते का? सांगण्याची त्याला मुभा होती का? हे काकाजींना कधीच कळणार नव्हते, आणि खरे तर मलाही नाही.

मतपेटीतून येणारा वकील

अमेरिकेतल्या पन्नासपैकी ४३ राज्यांत ॲटर्नी जनरलला लोक थेट निवडून देतात. उरलेल्यांपैकी पाच राज्यांत गव्हर्नर त्याला नेमतो, मेन राज्यात विधिमंडळ निवडते, तर टेनेसीत राज्याचे सर्वोच्च न्यायालय नेमते. जिल्हापातळीवरचे फौजदारी खटले बहुतेक ठिकाणी डिस्ट्रिक्ट ॲटर्नी चालवतो आणि तोही सहसा निवडूनच येतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात फौजदारी खटल्याच्या नावातच एका बाजूला 'लोक' असतात आणि दुसऱ्या बाजूला आरोपी. आपल्याकडे खटल्यावर लिहिलेले असते 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक'.

निवडून आलेला वकील काय करू शकतो, याची दोन उदाहरणे सांगतो. १९९४ मध्ये मिसिसिपी या गरीब राज्याचे ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. त्यांचा युक्तिवाद आपल्या गावच्या पारावरही पटेल असा होता. सिगारेट विकून नफा तुम्ही कमावणार, आणि त्यातून आजारी पडलेल्या गरिबांच्या औषधपाण्याचा खर्च आमच्या राज्याने का सोसायचा? एकेक रुग्ण कंपन्यांपुढे टिकत नव्हता. राज्य वकील म्हणून उभे राहिले तेव्हा चित्र पालटले. हळूहळू इतर राज्ये सामील झाली, चार राज्यांनी स्वतंत्र तडजोडी केल्या, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये उरलेल्या ४६ राज्यांशी बड्या कंपन्यांनी करार केला. पहिल्या पंचवीस वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचा.

दुसरे उदाहरण माझ्या व्यवसायातले. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर तिकडे लाखो कुटुंबांच्या घरांवर जप्ती आली. तेव्हा उघड झाले की जप्तीची प्रतिज्ञापत्रे बँकांचे कर्मचारी न वाचताच गठ्ठ्यांनी सही करत होते. ते वाचले तेव्हा माझा विश्वास बसेना. वहीतली एक नोंद खाडाखोड करून बदलली तरी आमच्याकडे साहेबाची आद्याक्षरी लागायची. अखेर २०१२ मध्ये ४९ राज्यांचे ॲटर्नी जनरल आणि केंद्र सरकार यांनी मिळून पाच मोठ्या बँकांना २५ अब्ज डॉलरच्या तडजोडीवर आणले. एकट्या कर्जदाराच्या हातून हे झाले नसते.

म्हणून भाचीच्या मतपत्रिकेवरचे ते नाव क्षुल्लक नव्हते. बँक, विमा, औषध, सिगारेट, वीज, अशा प्रबळ मंडळींशी जेव्हा हजारो कुटुंबांचे एकाच प्रकारचे भांडण असते, तेव्हा सर्वांच्या वतीने कोर्टात उभे राहणारा माणूस कोण, हे ते मत ठरवते. पद हाती असलेला तसाच झोपून राहिला, तर चार वर्षांनी त्याला घरी बसवण्याची सोयही आहे.

नाण्याला दुसरी बाजू आहेच. भाचीच्याच राज्यात रॉय कूपर आधी ॲटर्नी जनरल होते, मग गव्हर्नर झाले. त्यांच्यामागून जॉश स्टाइन यांनीही तोच रस्ता धरला. ॲटर्नी जनरल असतानाच २०२४ मध्ये ते गव्हर्नरपदाला उभे राहिले आणि निवडून आले. हे दोघे चांगले की वाईट, हा प्रश्न इथे नाही. पण वकिलाच्या खुर्चीवर बसलेल्याची नजर वरच्या खुर्चीकडे लागली, की कोणता दावा लावायचा आणि कोणता टाळायचा हे कायद्यापेक्षा टाळ्यांवर ठरू लागण्याचा धोका असतो. शिवाय निवडणुकीला पैसा लागतो. दोन्ही पक्षांच्या ॲटर्नी जनरलांच्या स्वतंत्र संघटना तिकडे निधी गोळा करतात. ज्याच्यावर उद्या दावा लावायचा त्याच्याच देणगीवर आज प्रचार चालला, तर काय होणार हे सांगायला नको.

आपला महाधिवक्ता

आपल्याकडे या पदाला महाधिवक्ता म्हणतात. राज्यघटनेच्या १६५ व्या कलमानुसार राज्यपाल त्याला नेमतात, अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याइतकी पात्रता त्याच्यापाशी लागते. त्याला ठरावीक मुदत नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर. त्याला विधानसभेत आणि विधान परिषदेत जाऊन बोलता येते, मत मात्र देता येत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९१ व्या कलमात या पदाविषयी एक तरतूद आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. सार्वजनिक उपद्रव किंवा जनतेला बाधा आणणारे गैरकृत्य घडत असेल तर महाधिवक्ता स्वतः दावा दाखल करू शकतो. त्यासाठी कोणा एकाचे खास नुकसान झालेले असण्याची गरज नाही. कोर्टाची परवानगी घेऊन दोन किंवा अधिक नागरिकांनाही असा दावा लावता येतो. म्हणजे 'लोकांचा वकील' ही कल्पना परकी नाही. १९०८ पासून ती आपल्या कायद्याच्या पुस्तकात आहे.

तरीही अनुभव काय? बोगस बियाण्याचेच पाहा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो. निकाल मोलाचाच. पण बियाणे उगवले नाही की समुद्रपूरचा शेतकरी वेगळा जातो, आर्वीचा वेगळा. प्रत्येकाने पिशवीवरचे लेबल जपायचे, पावती शोधायची, पंचनामा करून घ्यायचा आणि वकील धरायचा. कंपनीला मात्र सगळीकडे एकच उत्तर द्यायचे असते. शेकडो शेतकऱ्यांची फसवणूक एकाच लॉटच्या बियाण्याने झाली असेल, तर एकाच ताकदवान वकिलाने त्यांच्या वतीने का उभे राहू नये, हा प्रश्न आपण आपल्या राज्यकर्त्यांना क्वचितच विचारतो.

महाधिवक्ता कोणाचा, या प्रश्नाची दोन टोके महाराष्ट्राने पाहिली आहेत. होरमसजी सीरवाई हे १९५७ पासून १९७४ पर्यंत सतरा वर्षे या पदावर होते. त्या काळात यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार आणि वसंतराव नाईक असे मुख्यमंत्री झाले, पण महाधिवक्ता तेच राहिले. पक्ष एकच होता हे खरे. तरी सीरवाईंचा अधिकार पक्षातून आलेला नव्हता. घटनेवरील त्यांच्या ग्रंथाचे दाखले आजही न्यायालयांत दिले जातात.

दुसरे टोक आपल्या विदर्भाचे. लोकनायक बापूजी अणे यांचे नातू श्रीहरी अणे २०१५ मध्ये महाधिवक्ता झाले. वेगळ्या विदर्भाविषयी त्यांनी जाहीर मत मांडले तेव्हा वादळ उठले. पुढे जालन्यात मराठवाड्याविषयीही ते तसेच बोलले, आणि मार्च २०१६ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांचे मत पटो वा न पटो. पण विधिमंडळात गदारोळ झाला तो ते कोर्टात कसे काम करतात यावरून नव्हे, तर ते बाहेर काय बोलले यावरून. त्यांच्या खात्याने किती खटले जिंकले, किती निष्कारण लढवले, किती मिटवले, यावरून सभागृह कधी बंद पडल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

जिल्ह्याच्या कोर्टात

महाधिवक्ता मुंबईत बसतो. तुमच्या-माझ्यासारख्याची गाठ पडते ती जिल्ह्याच्या कोर्टातल्या सरकारी वकिलाशी. यातही दोन जाती आहेत. खालच्या, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात खटले चालवणारे सहायक सरकारी अभियोक्ते लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. ते पोलीस खात्याच्या हाताखाली असू नयेत, कारण ज्याने तपास केला त्याच्याच नोकराने तो तपास तोलायचा हे बरे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये महाराष्ट्रालाच बजावले होते. खून, बलात्कार, दरोडा असे गंभीर खटले मात्र सत्र न्यायालयात चालतात. तिथला सरकारी वकील जिल्ह्यातल्या वकील मंडळींतून ठरावीक मुदतीसाठी नेमला जातो. किमान सात वर्षांची वकिली ही त्याची पात्रता.

तो कसा नेमला जातो? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मुळात म्हटले होते की जिल्हाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशाशी विचारविनिमय करून योग्य वकिलांची यादी करावी. व्यवस्था शहाणपणाची होती. कोणता वकील तयारी करून येतो आणि कोण तारखा मागतो, हे न्यायाधीशाइतके कोणाला ठाऊक असणार? पण १९८१ मध्ये महाराष्ट्राने या कलमात दुरुस्ती केली. सत्र न्यायाधीशाशी विचारविनिमयाचे शब्द गेले आणि त्या जागी राज्य सरकारची मान्यता आली. मुंबईत झालेल्या या एका ओळीच्या बदलाने प्रत्येक जिल्ह्यातली वाट बदलली. सरकारी वकील होऊ इच्छिणाऱ्याला न्यायाधीशापुढे चांगले काम करून दाखवण्यापेक्षा सत्ताधारी पुढाऱ्याच्या बैठकीत दिसणे अधिक उपयोगाचे ठरू लागले. सरकार बदलले की याद्या बदलतात, हे कोणत्याही बाररूममध्ये गुपित नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या १८ व्या कलमात सत्र न्यायाधीशाशी विचारविनिमयाचे ते शब्द पुन्हा आहेत. कायद्याच्या पुस्तकात जे परत आले, ते आपल्या जिल्ह्यात मनापासून पाळले जावे, हे पाहणे आता आपल्याकडे आहे.

न्यायालयांनी या बाबतीत सरकारांना पूर्वीच कानपिचक्या दिल्या आहेत. १९९० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने एका परिपत्रकाने राज्यभरातल्या साऱ्या जिल्हा सरकारी वकिलांना एकदम घरी पाठवले. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि सांगितले की ही नेमणूक म्हणजे मंत्र्याची खासगी मर्जी नव्हे, तिला सार्वजनिक स्वरूप आहे. २०१६ मध्ये पंजाब आणि हरियाणाच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले की सरकारी वकील निवडण्याची पद्धत न्याय्य आणि गुणवत्तेवर आधारलेली हवी.

हे सारे आपल्या घरापर्यंत कसे पोचते? वर्धा हा गांधीजींचा जिल्हा म्हणून इथे कित्येक दशके दारूबंदी आहे. गावोगावच्या बाया रात्री-बेरात्री गुत्त्यांवर चालून जातात, माल पकडून देतात. पुढे काय होते? पंच उलटतो, तपासणीचा अहवाल वेळेवर येत नाही, साक्षीदाराला समन्स पोचत नाही, आणि आरोपी सुटतो. दुसऱ्या दिवशी तो त्याच बाईच्या दारावरून मिशीला पीळ देत जातो. खटल्याची तारीख जवळ आली की कागद पुरे आहेत का, हे पाहणारा वकील जागा असेल तर कायदा जागा असतो.

हिंगणघाटने जे मागितले

आपल्या जिल्ह्याची एक जखम अजून ओली आहे. ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले. १० फेब्रुवारीला नागपुरात तिची प्राणज्योत मालवली. गाव रस्त्यावर आले. मुली, आया, दुकानदार, सारेच. खटला जलद चालवा आणि नामांकित सरकारी वकील द्या, ही मागणी झाली. सरकारने ती मान्य केली आणि विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम उभे राहिले. मधल्या काळात करोनाने कोर्टांचे दरवाजे बंद झाले होते. तरीही ९ फेब्रुवारी २०२२ ला आरोपी दोषी ठरला आणि १० तारखेला, तिच्या मृत्यूच्या बरोबर दुसऱ्या स्मृतिदिनी, त्याला जन्मठेप झाली.

त्या मागणीकडे पुन्हा एकदा पाहा. आपल्याकडे सरकारी वकिलाची निवडणूक होत नाही, पण त्या दिवशी हिंगणघाटने मोर्चा काढून आपला वकील मागून घेतला. एका परीने तेही मतदानच होते. ती मागणी रास्तच होती. पण तिच्या पोटात एक कबुलीही होती. नेहमीच्या व्यवस्थेतून जो वकील मिळेल त्याच्यावर भिस्त ठेवायला लोक तयार नव्हते. मग ज्या मुलीसाठी गाव रस्त्यावर येत नाही तिचे काय? एखाद्या पोडावरच्या, वीटभट्टीवरच्या मजुराच्या मुलीचा खटला कोण चालवते, याची चौकशी करायला तिच्या बापापाशी ना वेळ असतो ना ओळख. चांगला वकील मोर्चा काढल्यावरच मिळणार असेल, तर मोर्चा काढता न येणाऱ्यांनी काय करायचे?

आणि राजकारण व वकिली यांची सरमिसळ फक्त अमेरिकेतच होते, असेही नाही. निकम २०२४ मध्ये उत्तर मध्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले, हरले, आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. निवडणूक लढवण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. त्यात गैर काही नाही. सांगायचे इतकेच, की सरकारी वकिलाची खुर्ची आपल्याकडेही राजकारणाच्या अंगणातच आहे. फरक एवढाच की तिकडे ती मतपत्रिकेवर छापलेली असते.

मग निवडणूक हवी का?

मला विचाराल तर, नको. जातीच्या, पैशाच्या आणि बॅनरच्या निवडणुका आपण पाहतोच आहोत. 'अमक्याला फाशी मिळवून देतो' असे आश्वासन देऊन निवडून आलेला सरकारी वकील मला झोप येऊ देणार नाही. कारण उद्या खोट्या आरोपात माझा-तुमचा मुलगाही त्याच्यापुढे उभा राहू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगून ठेवले आहे की येनकेनप्रकारेण शिक्षा मिळवणे हे सरकारी वकिलाचे काम नाही. आरोपीच्या बाजूचे काही कागदांत असेल तर तेही कोर्टापुढे आणणे त्याचे कर्तव्य आहे. हे काम टाळ्यांच्या जोरावर होत नाही.

निवडणूक नको, पण निवडणुकीतून मिळते ते उत्तरदायित्व मात्र हवे. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. चार साध्या गोष्टी पुरेत. एक, जिल्ह्यात सरकारी वकील नेमताना अर्ज कोणाचे आले आणि निवड कशावरून झाली, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागावे. दोन, सत्र न्यायाधीशाचे मत नावापुरते न घेता वजनाने घ्यावे. तीन, किती खटले चालले, किती सुटले, कशाने सुटले, याचा वार्षिक ताळेबंद मांडावा. गावची पतसंस्थासुद्धा आमसभेत ताळेबंद मांडते; जिल्ह्याच्या न्यायाचा का मांडू नये? आणि चार, खटला मागे घ्यायचा तर उघडपणे घ्यावा. नव्या संहितेत पीडिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोर्टाला तशी परवानगी देता येत नाही, आणि आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीविना मागे घेता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये ठरवून दिले आहे. हे हक्क वापरायचे तर आधी ते आहेत हे घराघरांत कळले पाहिजे.

पाचवी गोष्ट कायद्याची नाही, वृत्तीची आहे, आणि ती सांगायला सेवाग्रामच्या परिसराइतकी योग्य जागा नाही. तरुण बॅरिस्टर गांधी दक्षिण आफ्रिकेत गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या एका मोठ्या दाव्यासाठी. प्रतिपक्ष त्यांचेच नातेवाईक तय्यब शेठ. खर्चाने दोघेही बुडतील हे पाहून गांधीजींनी दावा लवादाकडे नेला. निकाल आपल्या अशिलाच्या बाजूने लागल्यावर त्यांनी आणखी एक काम केले. तय्यब शेठ एकरकमी पैसे देऊन दिवाळखोर होऊ नयेत म्हणून आपल्याच अशिलाला समजावून त्यांना हप्ते पाडून दिले. आम्हा बँकवाल्यांना हे हप्त्यांचे शहाणपण फार उशिरा सुचले. अशिलाला लढवतो तो वकीलच, पण 'हे भांडण तुमच्या हिताचे नाही' असे त्याला सांगतो तो अधिक चांगला वकील. असा एक जण सरकारच्या बाजूला असता, तर काकाजींचा पैसा त्यांच्या हयातीत हाती पडला असता.

विधानसभेच्या मतदानाआधी आमच्याकडेही कार्यकर्ते आले होते. एक तरतरीत मुलगा म्हणाला, "काकाजी, काही अडचण असली तर सांगा. नाली, लाइट, काहीही." मी त्याला विचारले, "आपल्या जिल्ह्याचा सरकारी वकील तुमचा पक्ष कसा नेमणार?" तो जरा गोंधळला, मग हसला. "काकाजी, त्याच्यासाठी कोणी मत मागत नाही."

"म्हणूनच विचारतो आहे," मी म्हणालो. त्याने डायरी काढली आणि माझ्या नावापुढे काहीतरी लिहून घेतले. नालीच लिहिली असावी. पण पुढच्या खेपेला तो आला की मी हेच विचारणार आहे. आमच्या गल्लीतल्या आणखी चार घरांनी विचारले, तर निदान त्याच्या डायरीत तो प्रश्न लिहिला जाईल.

मतदान करून घरी आलो आणि भाचीला फोन लावला. तिचे मत देऊन पंधरा दिवस झाले होते. कोणाला दिले ते मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. तिने मात्र विचारले, "मामा, तुमच्याकडे ॲटर्नी जनरल कोण निवडतं?"

"आम्हीच," मी म्हणालो. "फक्त त्याचं नाव मतपत्रिकेवर नसतं."